शेवटच्या उडीचा बहाद्दर

लंगडी हा पोरासोरांचा खेळ, असे आपण समजतो. पण धावत येऊन आधी लंगडी घालायची, म्हणजे ज्या पायाने उडालो त्याच पायावर पडायचे; मग लांब ढांग टाकून दुसऱ्या पायावर यायचे; आणि लगेच वाळूत झेप घ्यायची, हे कोणी ऑलिंपिकच्या मैदानावर करू लागला की हजारो माणसे श्वास रोखून पाहतात. हीच तिहेरी उडी. तिच्यात व्हिक्टर सानेयेव्हने लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली.

हा गडी काळ्या समुद्राच्या काठच्या, जॉर्जियातील सुखुमीचा. जन्म १९४५ चा. सुरुवातीला तो उंच उडी मारीत असे. तिहेरी उडीकडे नंतर वळला.

१९६८ साली मेक्सिको शहरात जे घडले ते पुन्हा क्वचितच घडेल. पोलंडच्या श्मिटचा १७.०३ मीटरचा विश्वविक्रम आठ वर्षे अबाधित होता. इटलीच्या जेंतिलेने तो प्राथमिक फेरीतच मोडला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत १७.२२ मीटर उडी मारली. सानेयेव्हने १७.२३ मारली. एका सेंटिमीटरचा फरक! मग ब्राझीलचा प्रुदेन्सिओ १७.२७ वर गेला. सानेयेव्हची एकच उडी उरली होती. ती पडली १७.३९ मीटरवर. दहा फुटी खोल्यांची चाळ डोळ्यांपुढे आणा. साडेपाच खोल्यांहून अधिक अंतर या माणसाने तीन पावलांत तोडले! तिथली हवा विरळ, हे खरे. पण ती सगळ्यांनाच विरळ होती.

१९७२ मध्ये म्यूनिकला आणि १९७६ मध्ये माँट्रियललाही सुवर्णपदक त्याचेच. मधल्या काळात क्यूबाच्या पेरेझने विश्वविक्रम हिरावून घेतला होता. तो सानेयेव्हने आपल्याच गावी १७.४४ मीटर उडी मारून परत मिळवला. तारीख तीच, १७ ऑक्टोबर, मेक्सिकोनंतर बरोबर चार वर्षांनी.

१९८० साली मॉस्कोत ऑलिंपिकची मशाल घेऊन तो मैदानात आला, तेव्हा चौतिशी उलटली होती. या वयात उडी मारणाऱ्याचे पाय किती साथ देणार? तरीही अखेरच्या उडीत १७.२४ मीटर गाठून त्याने ब्राझीलच्या ओलिव्हेराला दोन सेंटिमीटरने मागे टाकले. रौप्यपदक मिळाले. ओलिव्हेराच्या व ऑस्ट्रेलियाच्या कॅम्पबेलच्या काही उड्या पंचांनी बाद ठरवल्या, त्यावर मात्र पुढे बरीच टीका झाली. यात सानेयेव्हचा काय दोष?

इथवरची हकीकत क्रीडावृत्तांत सापडते. पुढची फारशी कोणी सांगत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. नंतरच्या काळात सानेयेव्ह पत्नी व मुलासह ऑस्ट्रेलियात गेला. शिक्षकाचे काम थोडेच दिवस टिकले. परका मुलुख, अंगात पूर्वीचे बळ नाही; पदके विकून टाकावीत, असा विचार त्याच्या मनात आला. घरातल्या पाटल्या मोडायची वेळ आली की काय वाटते, ते आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. या पदकांमागे तर बारा वर्षांचा घाम होता.

पण सिडनीतल्या एका शाळेत त्याला व्यायामशिक्षकाची नोकरी मिळाली आणि पदके विकण्याचा विचार त्याने सोडून दिला. पुढे तो तिथल्या क्रीडा संस्थेत उड्यांचे शिक्षण देऊ लागला. ३ जानेवारी २०२२ रोजी सिडनीतच त्याचे निधन झाले.