गोलमटोल मोनालिसा

दोस्तांनो, तान्ह्या पोळ्याचा तुमचा लाकडी बैल माळ्यावरून खाली काढा बरं. नीट पाहा. अंग कसं भरदार, पण डोळे इवलेसे! त्याला तसाच समोर राहू द्या, शेवटी लागेल.

कोलंबिया देशातल्या मेदेयीन शहरात फर्नांदो बोतेरो नावाचा चित्रकार जन्मला (१९३२-२०२३). त्याच्या चित्रांत माणसं, घोडे, फळं, सारंच टम्म फुगलेलं! ही युक्ती त्याला १९५६ साली मेक्सिकोत सापडली. तो मेंडोलिनचं चित्र काढत होता. त्या वाद्याच्या मधोमध भोक असतं ना, ते त्याने फारच बारीक काढलं. आणि काय गंमत! मेंडोलिन एकदम अवाढव्य दिसू लागलं.

१९५९ साली त्याने ‘बारा वर्षांची मोनालिसा’ रंगवली. चेहरा भल्यामोठ्या भाकरीसारखा, डोळे-नाक-ओठ मात्र मधे गोळा झालेले. आजीला दाखवाल तर म्हणेल, “काय बाप्पा, हिला सूज आली का!”

आता कागद घ्या. पुस्तकातली लिओनार्दोची मूळ मोनालिसा समोर ठेवा. पहिल्या खेपेला आपण गाल वाढवतो आणि त्याच मापाने डोळेही वाढवतो. मग चित्र नुसतं मोठं होतं, गोल होत नाही. चेहऱ्याने जवळजवळ अख्खा कागद भरा, डोळे चिंचोक्याएवढेच ठेवा. सावलीला काळा रंग नको. गालाचाच रंग जरा गडद करून कडेला लावा आणि ओल्या ब्रशने आत ओढत न्या. गाल फुगलाच म्हणून समजा.

“ही तर नक्कल!” असं घरात कुणी म्हणेल. म्हणू द्या. बोतेरोही विशीत माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात व्हेलास्केस आणि गोया यांची चित्रं उतरवत बसायचा. लांब कशाला, आपल्या वऱ्हाडाशेजारच्या अजिंठ्यात १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स सरांबरोबर भिंतींवरची चित्रं उतरवत होते. (आईबाबा, ऐकताय ना?)

जाड माणसांची टिंगल करायला बोतेरो असं रंगवत नसे हं. १९७४ साली त्याचा चार वर्षांचा मुलगा, पेद्रो, मोटार अपघातात गेला. बापाने खेळण्यातल्या घोड्यावर बसलेला पेद्रो रंगवला. तोही तसाच, गोल गुबगुबीत.

आपल्याकडे अमरावती-अकोल्याला घोडा नाही, बैल आहे. मोनालिसा जमली की तोच काढा. शिंगं लहान बरं का!