काड्या नव्हे, घड्याळ सांगतं अंतर

मोबाइलवर सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसल्या की टॉवर जवळ आहे, असं आपण धरून चालतो. लालबाग-परळमध्ये हा हिशेब फसतो. समोरच्याच गच्चीवर अँटेना असला तरी चाळीच्या आतल्या खोलीत जेमतेम एक काडी येते. गिरगाव चौपाटीवर मात्र लांबच्या टॉवरचा सिग्नलही सहज मिळू शकतो. भिंती, लोखंड, माणसांची गर्दी हे सगळं लहरींची ताकद कमी करतं. ताकदीवरून अंतराचा नुसता अंदाज बांधता येतो.

अंतर मोजायचं तर वेळ मोजावा लागतो. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. दोन यंत्रांची घड्याळं तेवढ्यानं जरी मागंपुढं असली तरी त्यांच्यातलं अंतर ३०० मीटरनं चुकेल. यावर तोड अशी: पहिल्या यंत्रानं संदेश पाठवायचा, दुसऱ्यानं ठरावीक वेळानं उत्तर द्यायचं. पहिल्यानं आपल्याच घड्याळावर एकूण वेळ पाहायचा, उत्तराला लागलेला वेळ वजा करायचा आणि उरलेला निम्मा करायचा.

मुंबईत १९९०च्या दशकात आलेल्या जीएसएम फोनमध्ये असं मोजमाप आपसूक होत असे. एका लहरीवर आठ फोन पाळीपाळीनं बोलत. लांबच्या फोनचा संदेश उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसू नये, म्हणून टॉवर त्याला 'थोडं आधी पाठव' असं सांगे. ही सूट ३.६९ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत असे. जाऊन-येऊन वेळ धरता एक टप्पा म्हणजे सुमारे ५५० मीटर. ४जीत तोच टप्पा सुमारे ७८ मीटरवर आला. तरी एक टॉवर फक्त किती लांब ते सांगतो. दिशा कळत नाही. नेमकी जागा शोधायला निदान तीन टॉवर लागतात.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींनी आणखी एक अडचण आणली आहे. थेट वाट अडली की लहर काचेवर आपटून वळसा घेत पोचते. वळशाची वाट लांबच असते, त्यामुळे अशी चूक अंतर वाढवूनच दाखवते, कमी करून कधीच नाही. म्हणून अल्ट्रा-वाइडबँड यंत्रं ५०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्टा वापरून नॅनोसेकंदाएवढे आखूड ठोके पाठवतात. त्यामुळे थेट आलेला ठोका आणि मागून येणारे प्रतिध्वनी वेगळे ओळखता येतात. त्यातला सर्वांत जोरकस ठोका नव्हे, तर सर्वांत आधी आलेला, कितीही क्षीण असला तरी, खऱ्या अंतराच्या सर्वांत जवळ असतो.