हाऊस कॅप्टन: अर्धा विद्यार्थी, अर्धा मास्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' जरा कमी केलेत, बाकी तसंच आहे.

विषय आहे निवासी शाळेतला प्रीफेक्ट. आपल्याकडे हा शब्द कमी, हाऊस कॅप्टन जास्त. नवोदयवाल्यांना अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही हाऊसची नावं झोपेतही आठवतील. मी दुसऱ्या एका निवासी शाळेत होतो, नाव घेत नाही, पण चौकट साधारण तीच. हाऊसला एक मास्तर, त्याच्या हाताखाली अकरावी-बारावीतला कॅप्टन, आणि खाली सहावीपासूनची पोरं.

आता मास्तर दिवसभर शिकवतात, संध्याकाळी क्वार्टरवर जातात, त्यांनाही संसार आहे. मग पहाटे पीटीला उठवणार कोण? हजेरी, मेसची रांग, रात्रीचा अभ्यास, दिवे बंद करणं? सगळं कॅप्टन. आणि फुकटात! माहितीपत्रकात याला 'नेतृत्वगुण' म्हणतात. मला ते आधी मनुष्यबळाचं गणित वाटतं.

हे गणित जुनं आहे. इंग्लंडच्या रग्बी शाळेत 1797 साली मुलांनी मुख्याध्यापकांविरुद्ध बंड केलं, बाकं आणि पुस्तकं मैदानात जाळली, शेवटी सैनिक बोलवावे लागले. मास्तर मूठभर, पोरं ढीगभर, त्यामुळे वसतिगृहात खरी सत्ता मोठ्या मुलांचीच. त्याच शाळेत 1828 ते 1842 थॉमस अर्नोल्ड मुख्याध्यापक होते. वरच्या वर्गातल्या मुलांना अधिकार देण्याची पद्धत त्यांनी शोधली नाही, ती आधीपासून होती. त्यांनी त्या मुलांना विश्वासात घेतलं आणि आपलं वजन त्यांच्यामागे उभं केलं. हिशोब असा की मोठी मुलं राज्य करणारच आहेत, तर त्यांना जबाबदार धरून करू द्या. याच शाळेवरच्या 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' या 1857 च्या कादंबरीतला गुंड फ्लॅशमन अधिकारी वर्गातला नाहीच. वरचा वर्ग ढिला पडल्यावर त्याच्या खालच्या वर्गातली मुलं दादागिरी करतात, त्यांतला तो एक. म्हणजे कॅप्टन काढून टाकला की सगळं गोड होईल, असंही नाही.

इंग्लंडची ही घडी भारतातल्या निवासी शाळांत आली. डेहराडूनचं डून स्कूल 1935 मध्ये सुरू झालं, त्याचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट आधी ईटनला शिकवत होते.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे परवानग्यांसारखं दिसतं. कॅप्टनकडे तीन परवानग्या असतात: नोंद घेणं, हुकूम देणं, शिक्षा करणं. पहिल्या दोन नसतील तर हाऊस चालणार नाही. तिसरी बहुतेकदा कागदावर नसते, पण चालते. दिवे गेल्यावर कोणी बोललं म्हणून आमची अख्खी डॉर्मिटरी व्हरांड्यात उभी असायची, कधी कोंबडा. मास्तरांना पत्ता नाही, कुठे नोंद नाही. आमच्या कामात ॲडमिनचे अधिकार ज्याला देतात त्याची प्रत्येक हालचाल लॉगमध्ये उतरते. इथे लॉगच नाही.

त्याहून अवघड गाठ म्हणजे तक्रारीचा रस्ता. सहावीतला पोरगा कॅप्टनला 'दादा' म्हणतो. आजारी पडला की दादाला सांगायचं, वही हरवली की दादाला. मग दादानेच मारलं तर? रविवारी घरी फोन करायची रांगसुद्धा दादाच लावायचा. आम्ही घरच्यांना 'सगळं बरं आहे' एवढंच सांगायचो.

कॅप्टनची बाजूही आहे. तो सोळा-सतरा वर्षांचा, डोक्यावर बोर्डाची परीक्षा. हाऊसचे गुण कापले की बोलणी त्याला बसतात, तीच तो खाली पोचवतो. मोठ्या पोराला अधिकार देताना कोणी तो कसा वापरायचा हे शिकवत नाही. बिल्ला देतात, टाळ्या वाजतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. हा कायदा 6 ते 14 वयोगटाचा, म्हणजे सहावी ते आठवीची बहुतेक पोरं त्यात येतात. 'मास्तरांनी नाही, मुलांनी मुलाला मारलं' म्हणून शाळेला हात झटकता येऊ नयेत असं माझं मत आहे, कारण कॅप्टनला बिल्ला शाळेनेच दिला.

तुमच्या घरातलं कोणी यंदा निवासी शाळेत जाणार असेल, तर मैदान, लॅब आणि निकाल बघून झाल्यावर वॉर्डनना दोन गोष्टी विचारा. कॅप्टन कोणती शिक्षा देऊ शकतो, आणि ती कुठे लिहिली जाते? आणि कॅप्टनबद्दलच सांगायचं असेल तर पोराने कोणाकडे जायचं, मध्ये कॅप्टन न येता? 'आमच्याकडे असं काही होत नाही' असं उत्तर आलं, तर प्रश्न परत विचारा.