गुणांच्या तक्त्यात न मावणारे तास

सिरॉसिसचा रुग्ण. पोटात पाणी झालेलं, डोळे पिवळे. कालपासून असंबद्ध बोलतोय, लघवी कमी झालीय. ताप नाही, म्हणून घरचे म्हणतात, 'अशक्तपणा असेल, उद्या नेऊ.' घात होतो तो इथेच. यकृताच्या रुग्णात जंतुसंसर्ग ताप न येताही रक्तात भिनतो. फुगलेली प्लीहा पांढऱ्या पेशी अडकवून ठेवते, त्यामुळे त्या वाढलेल्या दिसतीलच असं नाही. रक्तदाब तर मुळातच कमी. कर्जतपासून अहिल्यानगरचं मोठं रुग्णालय सुमारे ७५ किलोमीटर. तिथे पोहोचेपर्यंत 'सेप्टिक शॉक' बसलेला असू शकतो.

मग आयसीयूत प्रश्न येतो: वाचेल का? डॉक्टर गुण मांडतात. 'मेल्ड' हा गुणांक मुख्यतः बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर यांवरून काढतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; हातापायाच्या काड्या झालेल्या माणसात ते कमीच दिसतं, मूत्रपिंड बिघडलं तरी. लॅक्टेटचीही तीच गत. ते शॉकमध्ये वाढतं, पण रक्तातून काढून टाकण्याचं बरंचसं काम यकृताचं, आणि इथे यकृतच थकलेलं. म्हणून एकाच आकड्यापेक्षा तो काही तासांत उतरतो का, हे मला जास्त बोलकं वाटतं.

युरोपातल्या 'कॅनॉनिक' अभ्यासानं (२०१३) सिरॉसिसच्या रुग्णांतले निकामी अवयव मोजले. सर्वांत सौम्य श्रेणीत २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २२ टक्के, दोन अवयव गेले तर ३२, तीन किंवा जास्त गेले तर ७७. हे आकडे समूहाचे आहेत, समोरच्या माणसाचा निकाल नव्हे. बहुतेकांची दिशा पहिल्या आठवड्यात कळते, म्हणून पहिल्या दिवशीच्या गुणांवर आशा सोडणं मला पटत नाही.

तक्त्यात तासांना मात्र रकाना नाही. सिरॉसिस आणि सेप्टिक शॉक असलेल्या ६३५ रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिघांचा मृत्यू झाला तेव्हा जेमतेम एक वाचला. योग्य प्रतिजैविक मिळायला निम्म्या रुग्णांना सात तासांहून अधिक वेळ लागला होता, आणि दर तासाच्या उशिरानं धोका वाढत होता.

हे तास वाचवता येतात: पोटातल्या पाण्यात संसर्ग आहे का हे पाहायला ते सुईनं काढून पेशी मोजायच्या, त्याला मोठं यंत्र लागत नाही. घनमिलिमीटरला २५० न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसले की उपचार सुरू. बार्सिलोनाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये अशा रुग्णांना प्रतिजैविकासोबत अल्ब्युमिन दिलं, आणि रुग्णालयातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० वर आले. १०८ ला फोन लावताना 'लिव्हरचा पेशंट आहे, बरळतोय' एवढं आवर्जून सांगा.