निरनिराळ्या संगणकांचे घरगुती जाळे

मराठी, तमिळ आणि बंगाली बोलणारी तीन माणसे एकत्र आली, तर त्यांना एखादी सामाईक भाषा लागेल, होय ना? संगणकांचेही तसेच आहे. एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली असली, तरी दोघांनी संदेशांचे नियम सारखे पाळले की संवाद जमतो. अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने टीसीपी-आयपी हे प्रोटोकॉल स्वीकारले. आजचे इंटरनेट त्यांवरच चालते.

जाळ्याची देखभाल शिकण्यास मोठी प्रयोगशाळा नको. घरातील विंडोजचा संगणक, अडगळीतला एखादा जुना संगणक आणि राउटर एवढे पुरे. वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या संगणकावर लिनक्स बसवा. ती विनामूल्य मिळते. मात्र बसवताना डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून छायाचित्रे, कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि ती प्रत उघडून पहा. न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे!

आता दोन्ही संगणक केबलने राउटरला जोडा. राउटर प्रत्येकाला एक पत्ता देईल, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. यातील प्रत्येक संख्या आठ द्विमान अंकांची असल्याने ती ० ते २५५ यांपैकी असते. घरी सहसा पहिल्या तीन संख्या सर्वांना समान असतात; चौथी त्या त्या संगणकाची.

पत्ता मिळाला, पण वाट मोकळी आहे का? त्यासाठी 'पिंग' ही आज्ञा आहे. माईक म्यूस यांनी ती १९८३ मध्ये लिहिली आणि सोनारच्या ध्वनीवरून तिला नाव दिले. संदेश जाऊन उत्तर परत येण्यास किती मिलिसेकंद लागले, हे ती सांगते.

फायलींची देवघेव करण्यासाठी लिनक्सवर 'सांबा' बसवा. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. संगणकांमधून जाणारे संदेश न्याहाळून त्यांनी त्यांचे नियम शोधून काढले. सांबात प्रत्येकाचे वेगळे खाते उघडा: आईला वाचण्या-लिहिण्याची मुभा, धाकट्या भावंडाला फक्त वाचण्याची.

कुठेतरी अडेलच. तेव्हा पायरीपायरीने तपासा: केबल, पत्ता, पिंग, खाते, परवानगी. पिंगला उत्तर आले नाही म्हणजे वाट बंदच, असे समजू नका. विंडोजची फायरवॉल ते संदेश अडवत असेल. लंबकाच्या प्रयोगात आपण लांबी बदलताना वस्तुमान तेच ठेवतो. इथेही एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत नोंदवा. दोन बदल एकदम केले, तर दोष कशाने गेला हे कळणार नाही. आणि हे प्रयोग फक्त आपल्याच घरच्या जाळ्यावर करायचे, बरे का!

शेवटी एक प्रयोग. लिनक्सवर एकाच इंग्रजी नावाच्या दोन फायली करा. एकीचे नाव मोठ्या लिपीत, दुसरीचे लहान लिपीत. लिनक्स त्यांना वेगळ्या मानते, विंडोज सहसा हा भेद करत नाही. मग सांबामधून विंडोजवर काय दिसेल? आधी तुमचे भाकीत वहीत लिहा आणि मगच पडद्याकडे पहा.