एकट्या पोराला मंडळाचा आधार

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंजिनिअरिंगला गेलेल्या दर शंभर कृष्णवर्णीय मुलांपैकी ऐंशी मुले शिक्षण अर्धवट सोडत. (प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांनी हा आकडा दोनदा वाचावा.) १९७१ साली एडवर्ड बार्नेट व फ्रेड कूपर हे दोन विद्यार्थी थेट डीनकडे गेले आणि आपल्या मुलांचे मंडळ काढू द्या म्हणाले. आर्थर बॉन्ड हे कृष्णवर्णीय प्राध्यापक सल्लागार झाले. पुढे अँथनी हॅरिस या विद्यार्थ्याने देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना पत्रे धाडली. एप्रिल १९७५ मध्ये ३२ कॉलेजांची ४८ मुले पर्ड्यूला जमली, आणि ‘नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स’ उभी राहिली. अभ्यासात पुढे जा, नोकरीत यशस्वी व्हा, समाजाच्याही उपयोगी पडा, हे तिचे ध्येय. शाळकरी मुलांसाठीही तिच्या शाखा आहेत.

आपला मुलगा किंवा मुलगी होस्टेलवरून फोनवर ‘क्लबच्या मीटिंगला चाललोय’ म्हणाली की आईवडिलांना धास्ती वाटते, अभ्यास बुडाला! आम्ही म्हणतो, रागावण्याआधी एवढेच विचारा: गणित अडले तर समजावणारा वरच्या वर्गातला कोणी तेथे भेटतो का?