एका संत्र्यामागे साडेबारा रुपये!

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एक संत्रा हातात घ्या. हे फळ नागपुरात आणलं भोसल्यांनी, असं इथले जुने लोक सांगतात, आणि भोसल्यांचा राजवाडा याच सक्करदऱ्यात. आता हा संत्रा मनानेच बांगलादेशाला पाठवू. घट्ट धरून बसा!

२०१९ मध्ये तिथलं आयात शुल्क किलोला २० रुपये होतं. ते चढत चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. किलोत सात फळं धरली, तर सीमा ओलांडायला एकेका संत्र्यामागे साडेबारा रुपये. २० टनांच्या एका ट्रकवर १७ लाख ६० हजार! त्या डिसेंबरात राज्य सरकारने निम्मा भार उचलायची घोषणा केली. तो निम्मासुद्धा ट्रकमागे ८ लाख ८० हजार.

आता निर्यात पाहा. २०१९-२० मध्ये सुमारे अडीच लाख टन, २०२२-२३ मध्ये जेमतेम ६३ हजार. म्हणजे १ लाख ८७ हजार टनांची घट. बाप्पा! या मालाला ९,३५० ट्रक लागले असते. ट्रक दहा मीटरचा धरून एकामागे एक चिकटून उभे करा: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळजवळ सगळा भरला! रेल्वेने न्यायचं म्हटलं, तर २० पार्सल डब्यांच्या गाडीत ४६० टन मावतात. चारशेवर गाड्या झाल्या, वर्षभर रोज एक सोडली तरी माल उरतोच.

आणि फळं? सुमारे १३१ कोटी. एकाला एक लावून ओळ केली तर ८५ हजार किलोमीटर, पृथ्वीला दोन वेढे घालूनही शिल्लक! वजनाच्या चाळीस टक्के रस धरला तर साडेसात कोटी लिटर. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा दोनशेहून जास्त विहिरी काठोकाठ, संत्र्याच्या रसाने!

ही सगळी फळं झाडावर राहिली नाहीत. ती इथल्याच बाजारात उतरली आणि भाव पाडून गेली. पण निर्यातीसाठी फळ निवडायचं, प्रतवारी करायची, क्रेट भरायचे, ट्रकवर चढवायचे, हे काम आटलं. पॅकिंगच्या कारखान्यात पैसा घालणारा, देशातला असो की परदेशातला, आधी हेच विचारतो: पुढच्या साली शुल्क किती?

घटलेल्या मालाचे वीस किलोचे क्रेट मोजले तर ९३ लाख ५० हजार. फूटभर उंचीचे हे क्रेट एकावर एक रचत चला. एक कळसूबाई झाली, दहा झाल्या, शंभर, हजार... सतराशे कळसूबाई झाल्या तरी रास संपेना! माणूस दिवसाला पन्नास क्रेट भरतो असं धरू. भरणाऱ्या हातांचे झाले १ लाख ८७ हजार रोज. दिवसाची मजुरी ५०० रुपये धरली तर ९ कोटी ३५ लाख रुपये, आणि हे नुसतं क्रेट भरण्याचं. ट्रकवर चढवणाऱ्याची हमाली अजून मोजलीच नाही!